एक पंचमांश

बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातातल्या फोनमधून माझा आवाज आला. ‘का गं, वाढदिवस आहे का तुझा?’ आणि त्याच्या पाठोपाठ त्रेचाळीस मुलांचं हसणं. आकडा नक्की आहे. सातवी ‘ब’च्या हजेरीपटावर सेहेचाळीस नावं आहेत, त्या दिवशी दोघं आली नव्हती, आणि एक मुलगी हसली नव्हती. माणूस चाळिशीचा असावा. मानेवर नुकत्याच फिरवलेल्या वस्तऱ्याची सरळ रेघ होती, मांडीवर डब्याची पिशवी. तो हसला, तोंडाने नाही, खांद्यांनी, आणि त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. आपला आवाज बाहेरून ऐकला की पातळ वाटतो, कारण एरवी तो आपल्याला आपल्याच हाडांमधूनही ऐकू येत असतो आणि हाडं त्याला थोडी भर देतात. ती भर काढून घेतली की उरतं ते बाकीच्यांना ऐकू येतं. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. त्या सकाळी मात्र मला असं वाटलं, की पुढच्या सीटवरून येणारा तो पातळ आवाजच माझा आहे आणि भर मी इतकी वर्षं पदरची घालत आले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. शाळेला अजून दोन थांबे होते, तरी पुढच्याच थांब्यावर उतरले. तो ओळखेल ही भीती नव्हती. क्लिपमध्ये माझा चेहरा अर्धाच दिसतो. भीती अशी होती, की तो ओळखेल आणि म्हणेल, मॅडम, काय छान शिकवता हो तुम्ही.

प्रयोग सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. बशीत रंगीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवायची, वरून काचेचं भांडं पालथं घालायचं. ज्योत बारीक होते, विझते, आणि पाणी आपोआप भांड्यात वर चढतं. का चढतं? तर ज्वलनात भांड्यातला ऑक्सिजन संपला. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून त्याची जागा घ्यायला पाणी एक पंचमांश उंचीपर्यंत आलं. किती नीटनेटकं आहे. मी हे आदल्या संध्याकाळी एका परक्या शिक्षकाच्या व्हिडिओत पाहिलं होतं, दीडपट वेगाने, भाजी निवडता निवडता. माझे बहुतेक तास असेच तयार होतात. कुणाचं तरी वाक्य, कुणाची तरी फळ्यावरची आकृती, कुणाचा तरी थांबण्याचा ढंग, आणि हे सगळं माझ्या अंगावर मापात बसेल असं आवळून घ्यायचं. माझ्याकडे भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे. समीकरण द्या, मी ते सोडवून देईन. पण बारा वर्षांचं मूल ‘पण असं का?’ म्हणतं तेव्हा माझ्या हाताशी समीकरण नसतं, आणि समीकरणामागे काय असतं ते मी कधी पाहिलेलं नसतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काचेची तीन भांडी निघाली: पाण्याचा साधा ग्लास, जॅमची बसकी बाटली आणि कॉफीची उंच बाटली. तिन्हींवर मी कागदाची पट्टी चिकटवली, मोजपट्टीने तिचे पाच सारखे भाग केले, रेघा मारल्या. ग्लासात पाणी चढलं ते जवळजवळ दुसऱ्या रेघेपर्यंत. जॅमच्या बाटलीत अर्धा भागही भरला नाही. कॉफीच्या बाटलीत दर वेळी निराळं. मग माझ्या लक्षात आलं की बाटली ज्योतीवर किती वेळ धरून खाली टेकवतो त्यावर ते आहे. मनात एक-दोन म्हणून टेकवली तर पाणी पहिल्या रेघेच्या आसपास थांबायचं, तीन म्हटलं की रेघ ओलांडायचं. काठाखालून बुडबुडे निघत होते. आणि ज्योत जळत होती तोवर पाणी जागचं हलत नव्हतं. चढायचं ते ती विझताना आणि विझल्यावर, एकदम, कुणीतरी नळीने ओढल्यासारखं. हे सगळं मी पाहिलं. मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. बुडबुडे म्हणजे तापलेली हवा बाहेर चालली आहे, आणि विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते, म्हणून बाहेरचं पाणी आत ढकललं जातं. एवढं अकरावीतल्या मुलालाही सुचावं. मला ते सुचत होतं आणि मी ते सुचू देत नव्हते. फडक्याने बाटलीचा काठ पुसत होते, जसं काही बुडबुडे काठाच्या ओशटपणामुळे येत होते. आईला गॅस हवा होता. ती मागे येऊन उभी राहिली, सातवी खेप तिने पाहिली, आणि म्हणाली, आलं की गं पाणी वर, अजून काय पाहिजे? सातव्या खेपेला पाणी बरोबर पहिल्या रेघेवर येऊन थांबलं होतं. मी ग्लास आणि जॅमची बाटली धुऊन जागेवर ठेवली. कॉफीची बाटली पिशवीत भरली.

वर्गात सगळं सातव्या खेपेसारखं झालं. मी मनात एक-दोन म्हटलं. पाणी रेघेवर थांबलं आणि मुलांनी एकत्र श्वास सोडल्याचा आवाज केला, तो आवाज मला फार आवडला हे कबूल केलं पाहिजे. दारात संगणकवाले सर फोन घेऊन उभे होते. शाळेचं पेज तेच चालवतात आणि तास रंगला की कुठूनही उगवतात. शेवटून दुसऱ्या बाकावरून हात वर आला. ती मुलगी बोलायच्या आधी जरा थांबते, वाक्य आत तपासून मग बाहेर काढते. ती म्हणाली, ‘मॅडम, दोन मेणबत्त्या लावल्या तर?’ एवढंच. आणि मला उभ्या जागी दिसलं, की ऑक्सिजन तेवढाच राहील, म्हणजे माझ्या सांगण्याप्रमाणे पाणी तेवढंच चढायला हवं. आणि ते तेवढंच चढणार नाही. प्रश्न आणि माझं वाक्य यांच्यात क्लिपमध्ये चोवीस चित्रं जातात. मी ती एकेक करून मोजली आहेत. सेकंदाला तीस चित्रांच्या हिशेबाने हा वेळ शून्य पूर्णांक आठ सेकंद येतो. एवढ्या वेळात मी ‘माहीत नाही, करून बघू’ असं म्हणायचं ठरवू शकले असते, म्हणायला फार तर दीड सेकंद लागतो. मी म्हटलं, ‘का गं, वाढदिवस आहे का तुझा?’

विज्ञान कुणी पाहिलं नाही. पाहिला तो विनोद. संगणकवाले सरांनी क्लिप त्या वाक्यापाशीच कापली होती, हसण्याच्या भरात कॅमेरा मुलीकडे वळवला होता, आणि तिथे ती तीन सेकंद दिसते, हात अजून अर्धा वर, तोंडावर काही नाही. रविवारपर्यंत ती चार लाख लोकांनी पाहिली. कुणी तिला तालावर बसवलं, कुणी माझ्या वाक्याच्या जागी आपल्या साहेबाचा फोटो लावला. ‘आम्हाला असे शिक्षक असते तर’ असं लिहिणारे होते, आणि ‘त्या पोरीचं तोंड बघा’ असं लिहिणारे त्याहून जास्त. आईने ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. मामाने फोन करून विचारलं की आता भाचीला भेटायला आधी नाव नोंदवावं लागेल का. मी हसले. लोक कौतुक करतात तेव्हा मी हसते आणि माझी कानशिलं तापतात; बाहेरून दोन्ही मिळून विनय दिसतो.

ताईला फोन केला. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि दिवसभर लोकांच्या शंका निस्तरत असल्याने घरच्यांच्या शंकांना तिच्याकडे फारसा वेळ उरत नाही. मी तिला सांगितलं की मला कुठल्याही क्षणी पकडलं जाईल असं वाटतं. नेमकं काय झालं ते सांगितलं नाही. ती म्हणाली, अगं, याला नाव आहे, आणि दोन मिनिटांत तिने एक रील पाठवली. इम्पोस्टर सिंड्रोमची पाच लक्षणं. यशाचं श्रेय स्वतःला न देणं, पितळ उघडं पडेल ही भीती, कौतुकाने अवघडणं, अशी पाचही मला तंतोतंत लागू पडली. खाली लिहिलं होतं की हुशार माणसांनाच असं वाटतं, तुम्ही एकटे नाही. मी ती रील तीनदा पाहिली. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की खरोखरच जो तोतया आहे त्यालाही हीच पाच लक्षणं लागू पडतील. निरोगी आणि रोगी दोघांचाही निकाल जिथे एकच येतो ती तपासणी कसली, हे निदान ताईला तरी कळायला हवं होतं. तिला तसं कळवलं तर तिचा उलट निरोप आला, की तू ना, कौतुक झालं तरी आजारी पडतेस.

पण माझ्याबाबतीत ते वाटण्यापुरतं नव्हतं, आणि हे मला कॉलेजपासून माहीत होतं. प्रयोगशाळेच्या त्या लांबट खोलीत कोपऱ्यातला नळ कायम गळत असायचा आणि खिडकीच्या काचांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग मारलेला होता. लंबकाच्या प्रयोगात उत्तर काय यायला हवं ते सगळ्यांनाच माहीत असतं, नऊ पूर्णांक आठ. मग गोळा टांगायचा, झोके मोजायचे, वेळ घ्यायची हे सगळं कशाला? बहुतेक जण उत्तरावरून मागे येत आकडे भरायचे, पण त्यांचे आकडे चोरी केल्यासारखे दिसायचे, फार सरळ. मला ते जमायचं. कुठल्या लांबीला घड्याळ किती चुकेल, दमलेला हात कुठे अर्धा सेकंद उशीर करेल, याचा मी विचार करायचे आणि प्रत्येक आकड्याला त्याची त्याची खोट द्यायचे. नऊ पूर्णांक सात दोन. नऊ पूर्णांक आठ पाच. एक आकडा मुद्दाम फार वाकडा आणि त्यापुढे कंसात ‘वाऱ्यामुळे?’ मुली आपले रिकामे तक्ते घेऊन माझ्याकडे यायच्या, म्हणायच्या, ए टेबलवाली, जरा खरे वाटतील असे भर. एकदा आमच्या टेबलावरचा दोरा तुटलेला होता. सरांना सांगितलं तर दुसरा मिळायला तास गेला असता. मी गोळा हातात घेऊन बसले, थंड, जड, पितळेचा, आणि न टांगलेल्या लंबकाचे दहा झोके लिहून काढले. सरांनी वहीवर शेरा दिला, ‘निरीक्षणशक्ती उत्तम’. पैकीच्या पैकी गुण. तो शेरा मी वर्षभर आईच्या कपाटात जपून ठेवला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. लाज वाटायची नाही. आता वाटते आहे ती तेव्हाचीही मिळून वाटत असावी.

सोमवारी बस सोडून चालत शाळेत पोचले तेव्हा मोठ्या मॅडमनी बोलावलं. त्यांच्या खोलीत मी एरवी खुर्चीच्या कडेवर बसते. त्यांनी चहा मागवला. पालकांचे फोन येत आहेत म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची चौकशी आत्तापासून सुरू आहे. दर शुक्रवारी एक प्रयोग, असं काहीतरी करू. तुमच्या कायम होण्याचा कागद या महिन्यात वर जायचाच आहे, त्याला ही क्लिप जोडू. मग जरा पुढे झुकून, मैत्रिणीला सांगावं तसं, त्या म्हणाल्या की विज्ञान वगैरे ठीक आहे, पण मध्ये तो तुमचा खटका मात्र हवा हं, लोक त्याच्यासाठी बघतात. मी मान हलवली. बाहेर संगणकवाले सर भेटले, खुशीत होते. एकच नकारात्मक कॉमेंट होती म्हणाले, कुणीतरी लिहिलं होतं की पाणी ज्योत विझल्यावर चढतं, जळताना नाही, असं का? ‘उडवली मी. असले रिकामटेकडे असतातच.’ आणि मी त्यांना थँक्यू म्हटलं. हे वाक्य मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. त्यांनी मागितलं नव्हतं, मी आपण होऊन म्हटलं.

सातवी ‘ब’वर तिसरा तास होता. मी पृथक्करणाच्या पद्धती शिकवायला घेतल्या आणि गाळणकागदाची घडी घालून दाखवत असताना शेवटून दुसऱ्या बाकावरून हात वर यायला लागला. पूर्ण आला नाही, कोपरापर्यंतच. तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी ओठांचा चंबू करून हळूच ‘फू’ केलं. मग डावीकडून. मग आणखी दोन-तीन ठिकाणांहून, मेणबत्ती विझवावी तसं, फार मोठ्याने नाही. हात खाली गेला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी मुली तिला हाक मारत होत्या तीही तीच, ए फू, तुझा डबा राहिला. ती वळली. म्हणजे नाव बसलं होतं. पुढच्या आठ दिवसांत तिने हात वर केला नाही. मी मुद्दाम तिच्याकडे बघून ‘कुणाला काही शंका?’ असं विचारायचे, ती माझ्याकडे बघायची, सभ्यपणे, बँकेत रांगेत उभं असलेलं माणूस काचेपलीकडच्याकडे बघतं तसं. तिला बाजूला घेऊन बोलावं असं रोज ठरवायचे. काय बोलायचं तेही ठरलेलं असायचं: अगं, ती गंमत होती. चांगला प्रश्न होता तुझा. मनावर घेऊ नकोस. ही तिन्ही वाक्यं मी घोकली आणि तिन्हीत मला तो बाटलीचा काठ पुसणारा फडका दिसला.

घटक चाचणीचे पेपर मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासायला घेतले. चौथा प्रश्न माझाच होता: ‘भांड्यात पाणी का चढले? निरीक्षण व निष्कर्ष लिहा.’ गुण तीन. पेपर छपाईला जायच्या आधी तो बदलता आला असता. मी बदलला नव्हता. एकामागून एक पेपरांत माझंच वाक्य परत येत होतं, ऑक्सिजन संपला, एक पंचमांश, बरोबर, बरोबर, बरोबर. लाल पेनाने बरोबरची खूण करताना हाताला एक लय येते आणि माणूस विचार करायचा थांबतो, ती लय मला आली होती. तिचा पेपर एकोणतिसावा. अक्षर लहान, उभं. निरीक्षणात तिने लिहिलं होतं, भांड्याची उंची १५० मिमी, पाणी चढले ३० मिमी. निष्कर्ष, ऑक्सिजन हवेच्या एक पंचमांश असतो. खाली दोन रेघा.

मी पेन खाली ठेवलं. भांड्याची उंची मी वर्गात सांगितली नव्हती. किती मिलिमीटर पाणी चढलं तेही नाही, फळ्यावर फक्त रेघा होत्या. म्हणजे तिने उंची कुठूनतरी घेतली होती, किंवा मानली होती, आणि तिला पाचने भागून तीस काढले होते. उत्तरावरून मागे येत. हे मला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? दहा-बारा दिवसांपूर्वी हिने दोन मेणबत्त्यांचं विचारलं होतं. आता हिला कळलं होतं की विचारल्यावर काय मिळतं आणि भरल्यावर काय मिळतं. तीनपैकी तीन. मी माझ्यासारखी एक मुलगी तयार केली होती, आणि त्यासाठी मला शून्य पूर्णांक आठ सेकंद पुरले होते. तीस हा फार सरळ आकडा होता. मी असते तर अठ्ठावीस लिहिले असते. हा विचार माझ्या डोक्यात खरंच आला, कौशल्याचा विचार, एखाद्या उस्तादाने शिष्याची चूक काढावी तसा. आणि त्यानंतर मी बेसिनपाशी जाऊन बराच वेळ गार पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिले. आईने विचारलं, भाजलं का? मी हो म्हटलं.

शूर माणसं निर्णय घेतात असं ऐकलं आहे. मला तो घेतल्यासारखा वाटला नाही, दुसरं काही करता येईना एवढंच. चौथ्या प्रश्नाचे गुण मी कुणालाच दिले नाहीत, जागा मोकळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये क्लिपच्या खाली स्वतःच्या नावाने लिहिलं, की या प्रयोगातून मी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, पाणी मुख्यतः हवा तापून नंतर निवल्यामुळे चढतं, आणि प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बरोबर होती. शाळेत पोचल्यावर मोठ्या मॅडमना सांगितलं. त्यांना वाटलं मी थकले आहे. मग त्यांना वाटलं मी नम्र आहे. शेवटी पटलं की मी खरंच सांगते आहे, तेव्हा त्या म्हणाल्या, वर्गात काय करायचं ते करा, पण पेजवर कशाला लिहिलंत? कागद वर जायचा होता हो तुमचा. आवाजात राग नव्हता, हळहळ होती, आणि ती सोसायला जास्त जड गेली. तिसऱ्या तासाला निघताना फोन पाहिला. माझ्या कॉमेंटला अकरा लाइक होते आणि एक उत्तर: ‘मॅडम, वाढदिवस आहे का तुमचा?’ त्या उत्तराला दोनशे.

मी टेबलावर तिन्ही भांडी मांडली, मेणबत्त्या, बशी, मोजपट्टी. वर्गाला वाटलं मोठ्या मॅडमनी ठरवलेला शुक्रवारचा प्रयोग आहे, मुलं सावरून बसली. मी सांगायला सुरुवात केली आणि माझा आवाज पातळ आला. म्हटलं, मागच्या वेळी मी तुम्हाला एकच बाटली दाखवली. घरी मी तीन भांड्यांत करून पाहिलं होतं. तिन्हींत पाणी वेगवेगळं चढलं. मला हवं होतं तेवढं जिथे चढलं ती बाटली मी इथे आणली, आणि ती किती वेळ ज्योतीवर धरायची याचाही सराव करून आले होते. मी त्यांना बुडबुड्यांचं सांगितलं. पाणी केव्हा चढतं ते सांगितलं. जे दिसलं आणि पुसलं तेही सांगितलं. सेहेचाळीस मुलं गप्प होती, पण ती शांतता आदराची नव्हती. मोठं माणूस रडेल की काय अशी धास्ती वाटली की मुलं जशी गप्प होतात तशी होती. पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, मग मॅडम, आमचे मार्क? मी म्हटलं, अजून दिलेले नाहीत. मग मी म्हटलं की एकीने मला विचारलं होतं दोन मेणबत्त्या लावल्या तर काय, आणि मी तिची चेष्टा केली. कुठूनतरी, सवयीने, ‘फू’ आलं. एकच. कुणी साथ दिली नाही आणि ज्याने केलं त्याने वहीत डोकं घातलं. मी म्हटलं, ते मी शिकवलेलं आहे तुम्हाला. प्रयोगापेक्षा तेच पक्कं बसलं.

ती उठली नाही. मी तिला बोलावलं, प्रयोग तू कर म्हटलं, तरी ती बाकावरच बसून राहिली, आणि मला कळलं की हेही मी माझ्या सोयीचंच मागते आहे, तिने यावं आणि माझं दृश्य पूर्ण करावं. दारात आज कुणी नव्हतं तरी मी दृश्यच मांडत होते. मी थांबले. काय करावं ते सुचेना म्हणून मेणबत्तीचा तळ वितळवून बशीत चिकटवायला लागले, ती वाकडी बसली, काढून परत चिकटवली. बोटाला मेण लागलं. बराच वेळ गेला असावा, कारण मागे कुजबुज सुरू झाली. मग बाक सरकल्याचा आवाज झाला. ती येऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, माझ्याकडे न बघता. मेणबत्ती तिने सरळ केली. आणि हळू, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, आधी थांबून, म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’

नाही, असं म्हणता आलं असतं. दोन मेणबत्त्यांचा प्रयोग मी तेव्हा केलेला नव्हता, पाणी किती चढेल ते मला माहीत नव्हतं. ते उत्तर खोटं ठरलं नसतं, थोडी खोट दिलेल्या आकड्यासारखं खरं वाटलं असतं, आणि कदाचित तिलाही तेच हवं होतं. तिने अजून वर बघितलं नव्हतं. तिच्या हाताच्या बोटांवर निळ्या शाईचे डाग होते.

‘उत्तर माहीत नव्हतं,’ मी म्हटलं. ‘पण तुझा प्रश्न बरोबर आहे हे माहीत होतं. म्हणूनच हसवलं सगळ्यांना.’

तिने टेबलावरची आगपेटी घेतली. काडी ओढली, मेणबत्ती पेटवली. कॉफीची बाटली उचलून ती उन्हाकडे धरून पाहिली आणि तिच्यावरची माझी पाच भागांची पट्टी नखाने खरवडून काढायला लागली. कागद अर्धवट निघाला, गोंद राहिला. मग तिने बाटली ज्योतीवर पालथी घातली, तिच्या वेगाने, मनात काही न मोजता. काठातून बुडबुडे आले. मागची मुलं उठून टेबलाभोवती यायला लागली, एकाने दुसऱ्याला ढकललं. ज्योत विझली आणि पाणी चढलं. ती गुडघ्यांवर बसली, डोळा पाण्याच्या पातळीला आणला, बाहेरून मोजपट्टी लावली, एक डोळा मिटला.

‘लिहा,’ ती म्हणाली. तिने वर पाहिलं तेव्हा मला कळलं की ती मला सांगते आहे. मी फळ्याकडे जायला लागले तर ती म्हणाली तिथे नको, वहीत. पहिल्या बाकावरच्याने वही पुढे केली. मी त्याच्या शेजारी बसले, बाक माझ्या मानाने बुटका होता, गुडघे वर अडकले. पानावर तीन उभे रकाने आखले.

‘सव्वीस.’

तिच्या पेपरातल्या हिशेबाने तीस यायला हवं होतं, किंवा ऑक्सिजनचं धरलं नाही तर काहीही यायला चाललं असतं, आणि सव्वीस हा आकडा माझ्या कुठल्याच बाजूचा नव्हता. मी सव्वीस लिहिलं. ती दुसरी मेणबत्ती चिकटवत होती.